ड्यूटी संपल्यावर भेटा

अकरावीच्या मराठीच्या वर्गाला मी दरवर्षी एक प्रकल्प देते. आपल्या भागातल्या एका माणसाची मुलाखत घ्यायची, ती स्वतःच्या हातानं लिहून काढायची आणि वर्गात वाचून दाखवायची. डिचोलीतली मुलं, आणि पेडण्याच्या बाजूनं मामा-मावशीकडे शिकायला आलेली मुलं, हे काम मनापासून करतात. कोणी सरपंचांकडे जातं, कोणी दशावतारात राक्षसाची भूमिका करणाऱ्या जुन्या नटाकडे, कोणी भजनाच्या बुवांकडे. काजूच्या हंगामात भट्टी लावणारे आजोबा येतात, माडावर चढणारे पाडेली येतात, खाण बंद पडल्यावर ट्रक विकलेला शेजारीही येतो. यंदा पेडण्याकडच्या एका मुलीनं हात वर केला आणि म्हणाली, "टीचर, मी नर्सची घेणार."

कारण विचारलं तर तिनं सरळ सांगितलं. तिची आजी खुब्याचं हाड मोडून रुग्णालयात होती. रात्री सोबतीला ही नात राहायची. दर दोन तासांनी एक सिस्टर यायची, आजीच्या दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून तिला कुशीवर वळवायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीला पडलेली चुणी हातानं सपाट करायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. आजी घरी आली तेव्हा तिच्या पाठीला एकही जखम नव्हती. घरच्यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना पेढे दिले, त्यांचं नाव घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या सिस्टरचं नाव मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

तिचीच मुलाखत घ्यायची, असं या मुलीनं ठरवलं होतं. पण चौकशीला गेली तेव्हा त्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली होती, आणि रात्रपाळीला असलेल्या कोणत्या तरी सिस्टर, एवढ्या खुणेवर माणूस शोधता येत नाही. मग दुसरी नर्स शोधू, असं आम्ही ठरवलं. हे अवघड जाईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. दोन्ही तालुक्यांत सरकारी रुग्णालयं आहेत, कासारवर्णे आणि साखळीला प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, गावोगाव उपकेंद्रं आहेत. म्हापशाला जिल्हा रुग्णालय आहे, ज्याला आमचे लोक अजून आझिलोच म्हणतात. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, आहे. आमच्याकडे वाडा असा नसेल की जिथली एखादी सून, नणंद, भाची नर्स नाही.

नर्स आहेत खऱ्या. पण बसून बोलायला मोकळी नर्स भेटणं ही वेगळी गोष्ट आहे. सरकारी नोकरीतल्या सिस्टरला आचारनियम आहेत, वरिष्ठांना विचारल्याशिवाय ती कामाबद्दल बाहेर बोलत नाही, आणि रुग्णाची माहिती तर तिनं सांगूच नये. हे योग्यच आहे. प्राचार्यांच्या सहीचं पत्र दिलं, ते पुढे गेलं, परवानगीची वाट बघत राहिलो. ज्या तयार होत्या त्यांच्या वेळा जुळत नव्हत्या. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, मग नाइट ऑफ, त्यात घरचा स्वयंपाक, सासूबाईंची औषधं, मुलाची शाळा. "ड्यूटी संपल्यावर भेट," असं त्या आपुलकीनं सांगायच्या. ड्यूटी संपली की ओव्हर द्यायचा असतो, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला सगळं समजावून सांगायचं असतं, ओव्हर देऊन झाला की कदंबची बस पकडायची असते, आणि ती चुकली तर घरी पोचायला रात्र होते. म्हापशातल्या एका खासगी रुग्णालयातली केरळची सिस्टर बोलायला राजी होती, तिला मराठी येत नव्हतं आणि या मुलीला मल्याळम. दोघींनी तोडक्यामोडक्या हिंदीत थोडं बोलून घेतलं. तिच्याही गावात तिची वाट बघणारं लहान मूल होतं, एवढं या मुलीच्या वहीत आलं.

उपकेंद्रातल्या एएनएमकडे, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेकडे, ती गेली तेव्हा टेबलावर रजिस्टरांची चळत होती. गरोदर बायका, लसीकरण, जन्म, क्षय, डेंग्यूची पाहणी, प्रत्येकाचं वेगळं रजिस्टर, आणि तीच माहिती पुन्हा संगणकात भरायची. देशभर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं आशा स्वयंसेविका नेमल्या, गोव्यानं ती फळी उभी केली नाही. त्यामुळे घरोघर जाण्याचं बरंचसं ओझं इथे एएनएम आणि अंगणवाडी सेविकेवरच पडतं. या बाईंनी मुलीला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि वर न बघता म्हटलं, "म्हाका कितें विचारता? दोतोराक विचार."

हे वाक्य मुलीनं वहीत जसंच्या तसं लिहून आणलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्या बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, टाळाटाळही नव्हती. आपल्याजवळ सांगण्यासारखं काही आहे, हे त्यांना कधी कोणी जाणवूच दिलं नव्हतं. आपण रुग्णालयात गेल्यावर काय करतो ते आठवून पाहा. काय झालंय, किती दिवस लागतील, पथ्य काय, हे सगळं डॉक्टरांना विचारतो. नर्सला विचारायचा आपला एकच प्रश्न असतो, डॉक्टर कधी येणार? पंचवीस-तीस वर्षं हाच प्रश्न ऐकणाऱ्या बाईसमोर एक दिवस कोणी वही उघडून बसलं तर तिनं दुसरं काय म्हणावं?

ही सवय फार जुनी आहे. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये आजारी होऊन गोव्यात पोचला आणि तिथल्या राजाच्या रुग्णालयात दाखल झाला. पोर्तुगिजांनी गोऱ्या पुरुषांसाठी चालवलेल्या त्या रुग्णालयाचं त्यानं भरभरून वर्णन केलं. खाटा कशा, गाद्या-चादरी कशा, जेवण कोणत्या भांड्यांतून येतं, सगळं लिहिलं. जगातल्या उत्तम रुग्णालयांत त्यानं त्याची गणना केली. रुग्णानं लिहिलेलं हे वर्णन चारशे वर्षं वाचलं जातंय. त्याची चादर बदलणाऱ्यानं काही लिहून ठेवलं असेल तर ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. पुढे १८४२ मध्ये पणजीत वैद्यकशाळा निघाली. आजचं गोमेकॉ तिचाच वारसा सांगतं. तिथून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींपर्यंत गेले, त्यांच्यावर ग्रंथ झाले, त्यांचे पुतळे आणि रस्तेही झाले.

मराठी मुलखातही फार वेगळं घडलं नाही. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या सालापुढे बाई काशीबाई गणपत हे नाव येतं. प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स म्हणून विद्यार्थिनी ते पाठ करतात. पण तिचं गाव कोणतं, घरच्यांनी कसं पाठवलं, पहिल्या रात्रपाळीला तिच्या मनात काय होतं, हे त्या एका ओळीत नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, आणि कोणत्याही जातीच्या रुग्णाला स्पर्श करायचा. त्या काळच्या घरांत यातल्या एकेका गोष्टीवरून भांडणं पेटली असतील. सेवासदनाचा इतिहास आपल्याकडे आहे. त्या मुलींपैकी किती जणींची स्वतःच्या तोंडची हकीकत आपल्याकडे आहे?

आणि आमच्या गावची वैजीण, म्हणजे सुईण? दवाखाना येण्याआधी पेडण्या-डिचोलीच्या किती पिढ्या तिच्या हातात जन्मल्या. अडलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं, हे ती सांगायची. आज गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणं रुग्णालयात होतात, त्यामुळे आया वाचतात, बाळं वाचतात, आणि याहून चांगली गोष्ट नाही. पण ती माहिती वैजिणीबरोबर गेली, कारण तिला विचारायला कोणी गेलं नाही. आता नर्सच्या बाबतीत तेच होऊ घातलंय.

अखेर मुलीच्या आईच्या ओळखीतून पेडणे तालुक्यातच एक निवृत्त सिस्टर मिळाल्या. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचं घर माझ्या वाटेवर होतं, म्हणून मीही सोबत गेले. पडवीत बसलो. मुलीनं त्यांना मावशी म्हटलं आणि वही उघडली. पहिला प्रश्न होता, तुम्ही या क्षेत्राकडे कशा वळलात?

"नोकरी हवी होती," मावशी म्हणाल्या. "बाबा वारले होते. एएनएम झालं की लगेच काम मिळायचं."

तुमच्या कार्याची प्रेरणा कोण? "कोण असणार? घर चालवायचं होतं." समाजाला काय संदेश द्याल? मावशी काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या. प्रश्न संपत आले, वहीचं पान अर्धंही भरलं नव्हतं. मुलगी थोडी गोंधळली. मग तिनं वही बाजूला ठेवली आणि मनातलं विचारलं, "मावशी, माझ्या आजीच्या हाताची शीर कोणालाच सापडत नव्हती. सगळा हात काळानिळा झाला होता. तुम्ही असता तर कशी शोधली असती?"

मावशींनी तिचा हात ओढून मांडीवर घेतला. खांद्यावरचा पंचा तिच्या दंडाला आवळला. "मूठ मीट. आता बघू नको, बोटानं शोध. निळी दिसते तिच्या मागे लागायचं नाही, ती वरवरची असते, टोचली की फुटते. बोटाखाली जी दाबली की वर येते ती खरी." तिचं बोट त्यांनी स्वतः धरून मनगटाच्या वर अंगठ्याच्या बाजूला नेलं. "लागली? आता इथं खाली अंगठ्यानं कातडी ताणून धर. म्हाताऱ्या माणसाची शीर सरकते. ताणून धरली नाही तर सुई आत आणि शीर बाजूला. आणि हात थंड असेल तर आधी कोमट पाण्याचं फडकं ठेवायचं. दोनदा टोचून मिळाली नाही तर तिसऱ्यांदा मी टोचत नसे, दुसरीला हाक मारायची. त्यात कमीपणा नाही."

मग कॅन्युलाचे रंग आले. हिरवी अठराची, रक्त द्यायला किंवा अपघाताच्या पेशंटला. गुलाबी विसाची, निळी बावीसची. पिवळी चोवीसची, मुलांना आणि आजीसारख्या माणसांना. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला यातलं काही नव्हतं. काचेच्या सिरिंजा उकळून घ्यायच्या, सुया दगडावर घासून धार लावायची, एकीची धार गेली की दुसरी. बोलता बोलता त्या उठल्या, आतून एक जुनी तांब्याची डबी आणली, आणि त्यातल्या दोन सुया मुलीच्या तळहातावर ठेवल्या. मुलीनं त्यांचं टोक नखावर फिरवून पाहिलं. एकीचं टोक वळलं होतं.

त्यानंतर मावशी थांबल्या नाहीत. उपकेंद्रातली वर्षं आली. लशीचा डबा खांद्याला, आत बर्फाच्या पिशव्या, आणि पावसात वाड्यावाड्यांवरून पायपीट. लस थंडच राहायला हवी, दोन ते आठ अंशांच्या मध्ये, वीज गेली की जीव टांगणीला. पुढे बाटल्यांवर गोल आणि त्यात चौकोन असलेली खूण आली. चौकोन गोलाइतका गडद झाला की लस टाकून द्यायची, मग बाहेर आया रांगेत का उभ्या असेनात. "तेव्हा बायका चिडायच्या. लांबून चालत आलेल्या असायच्या. पण बिघडलेली लस देणं म्हणजे खोटं बोलणं."

वैजिणीशी त्या भांडल्या नाहीत. गावच्या बाईला तिचा हात ओळखीचा होता, आपला नव्हता. म्हणून तिलाच हात धुवायला, नखं कापायला, नाळेला नवं ब्लेड वापरायला शिकवलं, आणि कोणत्या बाईला घरी ठेवायचं नाही हे सांगितलं. पाय सुजलेत, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी बाई असेल तर मला बोलाव, मध्यरात्री बोलाव. एका पावसाळ्यात असं बोलावणं आलं. शिवोली-चोपडे पूल व्हायच्या आधीची गोष्ट, नदीपलीकडे जायला फेरीबोट हाच आधार. बाईला घेऊन धक्क्यावर थांबल्या असताना मावशी बीपी मोजत होत्या आणि प्रत्येक वेळचा आकडा तळहातावर पेनानं लिहीत होत्या, कारण कागद भिजला होता. आझिलोतल्या डॉक्टरांनी तो तळहात वाचून उपचार सुरू केले. बाई वाचली, बाळही वाचलं. "तो मुलगा आता टॅक्सी चालवतो. मोपाला विमानतळ झाल्यापासून धंदा बरा आहे म्हणे."

मग त्या डिचोलीकडच्या वॉर्डातल्या दिवसांवर आल्या. खाणी जोरात असतानाचे दिवस. खनिजाचे ट्रक, लाल धूळ, खोकत येणारी मुलं आणि म्हातारी माणसं. रात्रपाळीबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मुलीनं वहीत अधोरेखित केली. नाडी ठीक, बीपी ठीक, ताप नाही, आणि तरी पेशंट म्हणतो, सिस्टर, बरं वाटत नाही. अशा वेळी त्या डॉक्टरांना उठवायच्या. "डॉक्टर रागावत नसत?" मुलीनं विचारलं. "रागावायचे. मी ऐकून घ्यायची. उठवायची मात्र." आकडे बिघडण्याआधी माणसाचा चेहरा बदलतो, घामाचा वास बदलतो, गप्पा मारणारा गप्प होतो. हे रजिस्टरमध्ये लिहायला रकाना नसतो. म्हणून ओव्हर देताना त्या पुढच्या सिस्टरला तोंडी सांगायच्या, सात नंबरकडे जरा जास्त लक्ष ठेव.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ मध्ये नर्सिंगवर जे छोटं पुस्तक लिहिलं त्यात रुग्णाचं निरीक्षण या विषयाला तिनं स्वतंत्र प्रकरण दिलं होतं. मावशींनी ते वाचलेलं नाही. पण दोघी बोलतात त्या एकाच कामाबद्दल. डॉक्टर रुग्णाजवळ येऊन जातात, नर्स तिथे असते. माणूस हळूहळू सुधारतो किंवा हळूहळू खालावतो, आणि तो हळूहळू घडणारा भाग तिच्याच पाळीत घडतो. आपल्या आजाराची खरी साक्षीदार ती आहे, आणि तिची साक्ष कोणी काढत नाही.

गेल्या काही वर्षांत गोव्यानं जे पाहिलं ते आठवा. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गोमेकॉमध्ये प्राणवायू कमी पडून रुग्ण दगावत होते. पहाटे दोन ते सहा या वेळेतल्या मृत्यूंची दखल उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं घेतली. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, किमान सहा भाविकांचा जीव गेला, जखमींना डिचोली, म्हापसा आणि बांबोळीला नेण्यात आलं. मंत्र्यांच्या भेटी, चौकशीच्या घोषणा, भरपाईचे आकडे आपण वाचले. त्या दोन्ही वेळी ज्या सिस्टर ड्यूटीवर होत्या त्यांनी एकाच वेळी किती खाटांकडे पाहिलं, कोणाकडे आधी धावल्या, घरी जाऊन जेवल्या का, हे मी वाचलेल्या बातम्यांत कुठे नव्हतं. सत्तरी तालुक्यात माकडतापाची साथ २०१५ पासून माहीत आहे, जंगलात जाणाऱ्या काजू बागायतदारांना लस घ्यायला राजी करायचं काम कोणी केलं? छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी आता तालुक्याच्या रुग्णालयातून बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत मिनिटांत पोचतो आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देता येतं. ते इंजेक्शन टोचून पुढचा तासभर मॉनिटरकडे बघत कोण उभं असतं?

पेडण्याच्या लोकांना रुग्णालयाचा प्रश्न नवा नाही. तुये इथल्या नव्या रुग्णालयाची इमारत उभी राहिली, पण ते सुरू व्हावं म्हणून २०२५ मध्ये लोकांना आंदोलन करावं लागलं. त्या चर्चेत खाटांचा आकडा सतत येत होता. खाट म्हणजे लोखंड आणि गादी. खाट रुग्णाच्या उपयोगी पडते ती तिच्याजवळ तिन्ही पाळ्यांत नर्स असते तेव्हा. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपल्या माणसाला भेटायला जाल तेव्हा वॉर्डात एकदा मोजून पाहा. हा आकडा मागणीपत्रात खाटांच्या आधी यायला हवा, असं मला वाटतं.

मुलीनं मुलाखत वर्गात वाचली. मी तिला सांगितलं होतं, आधी मावशींना वाचून दाखव, त्यांना नको वाटेल ते काढ, रुग्णाचं नाव-गाव कुठेही येता कामा नये. मावशींनी एकच दुरुस्ती सांगितली. मुलीनं लिहिलं होतं, त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले. त्यांनी ते खोडायला लावलं आणि त्या जागी लिहायला सांगितलं, वेळेवर कळवलं. मला वाटतं, त्या वहीतलं ते सर्वांत अचूक वाक्य आहे. वाचन झाल्यावर माये गावच्या एका मुलानं सांगितलं की त्याची काकी उपकेंद्रात आहे, तिला त्यानं आजवर काहीच विचारलेलं नाही. लामगावच्या मुलीची आई कंत्राटी नर्स निघाली. वर्गात नर्सची मुलं होती, आणि वर्षभर ते कोणालाच माहीत नव्हतं. सरपंचांची मुलं मात्र सगळ्यांना माहीत होती.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या माझ्या मराठीच्या सहकाऱ्यांना म्हणूनच हे सांगणं आहे. गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या दोन दशकांत उपकेंद्रांत रुजू झालेल्या एएनएम आणि सिस्टर आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. काचेच्या सिरिंजा, फेरीबोटीवरची बाळंतपणं, देवीची लस, पोलिओचे थेंब घेऊन पहिल्यांदा वाड्यावर जाणं, हे त्यांनी पाहिलं आणि केलं आहे आणि ते त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही. मुलांना त्यांच्याकडे पाठवा. प्रेरणा आणि संदेश विचारायला लावू नका. हात कसा धुवायचात, शीर कशी शोधायचात, पहिल्यांदा कोणी तुमच्यासमोर गेलं तेव्हा त्या दिवशी पुढे काय केलंत, हे विचारायला लावा. नोकरीत असलेल्या सिस्टरची परवानगी रीतसर मागा आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्या सोयीनं जा. लिहिलेल्या वह्या रद्दीत देऊ नका. शाळेच्या वाचनालयात एक फळी त्यांच्यासाठी रिकामी करा. हे काम करायला निधी लागत नाही, समिती लागत नाही. एक वही, एक मूल आणि एक दुपार पुरते. पुढच्या वर्षावर ढकलू नका, याच वर्षी पाठवा.